पुढचा डिस्क ब्रेक वाजतो किंवा चाक पकडतो: गॅरेजात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यात प्रतापनगरच्या बाजूला आमचं छोटं गॅरेज आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातली मराठी घरं वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे येतात. ब्रेकच्या आवाजाबद्दल फोनवर येणारे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन असलेली साधी घरगुती गाडी इथे धरली आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या अशाच असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. कॅलिपर हा तिच्यावर बसलेला पंजा: ब्रेक ऑइलच्या दाबाने त्यातला पिस्टन पुढे येतो, कॅलिपर आपल्या पिनांवर सरकतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला आवळतात.

गाडी चीं चीं करते. पॅड संपले का?

संपले असतील, नसतीलही. फोनवर मी उलट एवढंच विचारतो की आवाज कधी येतो. ब्रेक दाबल्यावर, की न दाबता? सकाळी, की गाडी तापल्यावर? वळताना, की सरळ जाताना? "आवाज येतो हो, सारखा येतो" हे ऐकून शेजारचा चहावालासुद्धा निदान करू शकणार नाही.

पॅड संपत आला की आवाज करावा म्हणून बऱ्याच पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ बसवलेली असते. मटेरियल दोन-तीन मिमीवर आलं की ती डिस्कला टेकते आणि बारीक, कानात घुसणारी किंचाळी सुरू होते. गंमत म्हणजे ही किंचाळी बरेचदा ब्रेक न दाबताच येते आणि दाबला की थांबते किंवा बदलते. त्यामुळे लोकांना वाटतं, ब्रेक दाबल्यावर बंद होतो म्हणजे दोष ब्रेकचा नाहीच. तो ब्रेकचाच असतो. पण प्रत्येक कंपनीच्या पॅडला ही जीभ असतेच असं नाही, म्हणून ती गप्प आहे यावर विसंबू नका. चाक काढून मटेरियल बघा. नवा पॅड साधारण दहा मिमीच्या आसपास असतो. तीनवर आला की बदलायची तयारी ठेवा, दोनच्या खाली गाडी चालवू नका.

किंचाळीच्या जागी करकर, खरडल्यासारखा जाड आवाज येत असेल आणि पॅडलमधून पायाला जाणवत असेल, तर मटेरियल संपून पॅडची लोखंडी पाटी डिस्क खात असणार. तेव्हा "रविवारी आणतो" म्हणू नका.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते, मग काहीच नाही.

गंज आहे. डिस्क ओतीव लोखंडाची, तिला रंग नसतो. रात्री पाऊस पडला किंवा संध्याकाळी गाडी धुऊन तशीच उभी केली की सकाळपर्यंत तांबूस थर येतो आणि पॅड तो खरवडून काढतात. पैसे खर्च करू नका.

ब्रेकला पायही लावलेला नाही, तरी पत्रा घासल्यासारखा आवाज येतो.

डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ताटली असते, धूळ-चिखल अडवायला. तिच्या आणि डिस्कच्या मधे एखादा खडा अडकला की कान किटतात. रस्ता खणून खडी टाकलेल्या सोसायटीतून आठवड्याला एक तरी गाडी या कारणाने येते. मोकळ्या जागी हळूहळू मागे-पुढे करा, जरा जास्त मागे घ्या. खडा पुष्कळदा आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढायचं आणि ताटली स्क्रूड्रायव्हरने जराशी बाहेर वाकवायची. पंक्चरवाल्याने किंवा आमच्यासारख्याने काम करताना ताटलीला धक्का दिला असेल, तर ती खड्याशिवायही घासते. आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच येतोय, सलग नाही, तर आधी हीच बघा.

हा आवाज ब्रेकचा की बेअरिंगचा?

बेअरिंग घुमतं, ब्रेक ओरडतो. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि ब्रेक दाबल्याने सहसा बदलत नाही. लांब वळण घेताना मात्र बदलते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून घरघर तेव्हा वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. स्टिअरिंग पूर्ण कापून हळू वळताना टक टक टक येत असेल तर तो एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा आवाज, ब्रेकशी त्याचा संबंध नाही.

खड्ड्यांतून जाताना पुढे काहीतरी खडखडतंय आणि ब्रेकवर नुसता पाय टेकवला की खडखड बंद, असं असेल तर कॅलिपरमध्ये पॅड सैल आहेत किंवा पॅडच्या क्लिपा गेल्या आहेत. कुणी सस्पेन्शन बदलायला सांगण्याआधी ही पाय टेकवायची युक्ती करून बघा, फुकट आहे.

चाक पकडतंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

एका काकांना ते अकोटा पुलावर कळलं. दांडिया बाजारकडून रोज जाणारे, पुलाच्या उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपली घरंगळत जायची. एके दिवशी ती मधेच रेंगाळायला लागली. मीटर, दिवे सगळं ठीक, ॲव्हरेज तेवढं पडलेलं. पायाला आलेली ही शंका खरी निघाली.

पद्धतशीर बघायचं तर आठ-दहा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून, गाडी चालवा. शेवटी गिअर उतरवत वेग कमी करा आणि जवळजवळ ब्रेक न लावताच थांबा. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला बोट लावू नका, कातडी चिकटेल. एक चाक कोमट आणि दुसऱ्यातून तव्यासारखी आच येतेय, तर पकडणारं चाक सापडलं. करोनात घेतलेली कपाळावर धरायची टेम्परेचर गन इथे उपयोगाची नाही, ती तापाच्या आकड्यांपलीकडे मोजत नाही. कारखान्यात वापरतात तसली हवी.

गाडी ओढते कुठे, हेही बघा. ब्रेक न दाबता सारखी डावीकडे ओढत असेल तर डावं चाक पकडतंय, अर्थात टायरची हवा आणि अलाइनमेंट ठीक असेल तर. ब्रेक दाबल्यावरच डावीकडे ओढत असेल तर गोष्ट उलटी असू शकते: डावं आपलं काम करतंय, उजवं कामचुकार आहे.

जॅकवर चाक फिरवलं तर थोडं घासतं. हे नॉर्मल आहे का?

थोडं घासणं नॉर्मलच. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढणारी स्प्रिंग बहुधा नसते. पिस्टनभोवती चौकोनी कापाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर पुढे पिळली जाते आणि सोडला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. परतीची सगळी यंत्रणा एवढीच. म्हणून पॅड डिस्कला हलकेच टेकलेले असतात. एका हाताने चाक फिरलं आणि सुस् सुस् आवाज आला तर सोडून द्या. दोन हातांनी जोर लावावा लागला तर पुढचं वाचा.

चाक खरंच पकडतंय. दोष कॅलिपरचा, पिनांचा की पाइपचा?

या प्रश्नावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून सावकाश सांगतो.

गाडी स्टँडवर घ्या. ब्रेक चारपाच वेळा दाबून सोडा. चाक फिरवून बघा, पकडलेलं असेल. आता कॅलिपरच्या मागचा, ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा निपल, बहुधा ८ किंवा १० चा पाना लागतो, अर्धा आटा सैल करा. आधी त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचं टोक बाटलीत सोडा. निपल उघडताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर पिस्टनमागे दाब अडकून राहत होता. कॅलिपर निर्दोष आहे, त्याला हात लावू नका. निपल उघडूनही चाक तसंच जड, तर दाबाचा प्रश्न नाही. पिस्टन गंजलाय, किंवा पिना अडकल्यात, किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये रुतलेत.

दाब अडकत असेल तर पुढची पायरी. निपल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबा, चाक पकडू द्या. आता रबरी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलाय तो नट जरा सैल करा. चाक सुटलं तर अडथळा त्याच्याही वर, मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या पंपाच्या) दिशेला आहे. नाही सुटलं तर अडथळा होजमध्येच. होज जुना झाला की आतून फुगतो किंवा आतल्या थराचं सालटं सुटून झडपेसारखं वागतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत यायला जोर कुणाचा? सीलचा, आणि तो अगदीच नाममात्र. बाहेरून होज नवाकोरा दिसतो. वाकवून, पिळून काही कळत नाही.

गेल्या वर्षी वाडीतल्या एका मावशींची गाडी आली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये डाव्या बाजूचा कॅलिपर आणि पॅड नवे टाकून झाले होते, बिल पाहून मलाच घाम फुटला. महिन्यात चाक पुन्हा पकडायला लागलं. आमच्या कारागिराने चाक हाताने फिरवलं आणि म्हणाला, "पकडे छे." निपल उघडला, चाक सुटलं. होज बदलला, हवा काढली, तासाभरात काम झालं. जुना होज उभा चिरून मावशींना दाखवला. आतलं भोक काडी जाणार नाही इतकं बुजलेलं होतं. नवा कॅलिपर बिचारा विनाकारण आला होता.

निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर कॅलिपर उतरवा. पिना हाताने सरकवा. दोन्ही पिना बोटांनी मागे-पुढे व्हायला हव्यात आणि रबरी टोप्या फाटलेल्या नकोत. टोपी फाटली की पाणी आत जातं, गंज धरतो, ग्रीसचा दगड होतो. पिन साफ करून सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावू नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट बसते. "ग्रीस लावलं तरी दोन महिन्यांत जाम" या तक्रारीमागे हेच असतं.

पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे ढकला, निपल उघडा ठेवून, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल वर एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटकडे न जाता बाहेर येईल. एकसारख्या जोराने गेला तर बरा आहे. अडत अडत, कुरकुरत गेला किंवा गेलाच नाही, तर सील किट टाका. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नुसत्या सीलने भागणार नाही.

पुढची दोन्ही चाकं पकडतात. दोन्ही कॅलिपर एकदम गेले?

दोन्ही एकाच आठवड्यात बिघडले, हे मी सहसा मानत नाही. वर बघा. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पॅडल पूर्ण वर आलं की त्यातून ऑइल डबीत परतायला वाट मिळते. पॅडल शेवटचा अर्धा मिलिमीटर वर आलंच नाही, तर ते भोक झाकलेलं राहतं. मग ऑइल तापून फुगतं, जायला जागा नाही, आणि गाडी चालेल तसे ब्रेक घट्ट होत जातात. थंड झाली की मोकळे.

पॅडल का अडतं? ब्रेक लाइटचा स्विच बदलताना फार पुढे बसवलेला असतो, बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) दांडा लांब सेट झालेला असतो, नाहीतर जाड रबरी मॅट पॅडलवर चढलेली असते. हसू नका, मॅट मी दोनदा पकडली आहे. पॅडलला हाताने थोडी मोकळी चाल लागते का बघा. तरी शंका राहिली तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट जरा सैल करून तो किंचित पुढे घ्या. चाकं सुटली तर दोष दांड्याचा किंवा बूस्टरचा.

हँडब्रेक इथे दोषी नाही, तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो.

जुने पॅड दाखवायला का मागता?

कारण गाडीने मधल्या काळात काय सोसलं ते त्यांच्यावर दिसतं. आमच्याकडे काढलेले चारही पॅड फरशीवर मांडतो, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे, आतले आत. पिस्टनकडचा आतला पॅड पातळ आणि बाहेरचा जाड, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन परत येत नाही. उलट, बाहेरचा पातळ, तर पिस्टन मागे येतो पण कॅलिपर येत नाही, पुन्हा पिना बघा. पॅड एका टोकाला पाचराप्रमाणे झिजलेला, तर एकच पिन अडकली आहे किंवा पॅडचा कान, म्हणजे टोकाचा पुढे आलेला भाग, ब्रॅकेटच्या गंजात रुतलाय. एका बाजूचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या बाजूचे अर्धे शिल्लक, तर होज किंवा पिस्टन. पॅडचा चेहरा, म्हणजे डिस्कला घासणारी बाजू, आरशासारखा चमकतोय, कडा भाजून तुकडे उडालेत, तर ते चाक बराच काळ तापत होतं.

नवे पॅड घालून जुने कचऱ्यात टाकणारा मिस्त्री तुमचा आजार बरा न करता रिपोर्ट फाडतो. जुने मागून घ्या, कोणत्या बाजूचे ते खडूने लिहायला सांगा.

नवे पॅड टाकले आणि आवाज उलट वाढला.

पॅड आणि डिस्क चिकटतात, सुटतात, चिकटतात, हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि डिस्क घंटेसारखी वाजते. हे दुखणं डिस्क ब्रेकच्या जन्मापासूनचं. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि त्यांचा आवाज लोकांना सोसवेना.

तेव्हा आधी बघा, पॅडच्या पाठीचा शिम पत्रा आणि ब्रॅकेटमधल्या क्लिपा परत लावल्या का. "उरलेलं सामान" म्हणून ते डब्यात पडलेलं मी पाहिलंय. क्लिपाखालचा गंज ब्रशने काढला का? पॅडच्या पाठीवर आणि कानांवर ब्रेकचं ग्रीस अगदी पुसट लावलं का? पॅडच्या चेहऱ्यावर ग्रीसचा ठिपकाही पडता कामा नये. जुनी डिस्क काचेसारखी गुळगुळीत असेल तर जाड पॉलिश पेपरने तिचा चेहरा मारून घ्या.

मग नवे पॅड डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, असं पंधरा-वीस वेळा, मधे थंड व्हायला वेळ देऊन. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहू नका. स्वस्त, धातू जास्त असलेले पॅड यानंतरही थोडे ओरडतील.

ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकली म्हणतात.

वाकलेली क्वचितच असते. डिस्कची जाडी एकसारखी राहिलेली नसते, किंवा हबवर गंजाचा कण राहून ती तिरकी बसलेली असते. तो तिरकेपणा घड्याळी गेजने मोजतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकासुद्धा पुष्कळ झाला. डिस्क लेथवर मारता येते, पण तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली जायचं नाही. आकडा न बघता लेथवर चढवणाऱ्याकडून गाडी परत आणा.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. चालू झाली, ब्रेकही लागतात. काही करायला हवं?

हवं, आणि ताबडतोब. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, रस्त्यांवर मगरी आल्या. लोकांनी इंजिन, सीट, कार्पेट सगळं साफ करून घेतलं. ब्रेककडे मात्र कुणी पाहिलं नाही, कारण ब्रेक लागत होते. दिवाळीच्या सुमारास त्याच गाड्या चाक पकडलं म्हणून आल्या. पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो पिनांच्या टोप्यांत, पिस्टनच्या धुळीच्या रबरात जाऊन बसतो आणि सुकला की सिमेंट होतो.

कॅलिपर उतरवून पिना धुवा, नवं ग्रीस लावा, पॅडमधला गाळ काढा, मागचे ड्रम उघडा, ब्रेक ऑइल पूर्ण बदला. पॅड डिस्कला चिकटून चाक हललंच नाही तर इंजिनच्या जोराने ओढू नका. चाक काढून पॅड सोडवा.

ब्रेक ऑइल कमीच झालेलं नाही, मग बदलायचं कशाला?

नेहमीचं डॉट ३, डॉट ४ ऑइल हवेतून पाणी ओढतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर किमान १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. चाक पकडत असेल तर कॅलिपर इतका तापू शकतो की आतलं ऑइल उकळतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पॅडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, डबीच्या झाकणावर लिहिलेलंच टाका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, यात मिसळू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

पावागढहून उतरताना ब्रेकचा जळका वास आला. गाडी बिघडली?

माचीपासून खाली येताना पाय सतत ब्रेकवर ठेवला असेल तर चांगल्या गाडीलाही वास येईल. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. वास दोन्ही चाकांना सारखा आणि थंड झाल्यावर गायब, तर काळजी नाही. एकाच चाकाला येत असेल, किंवा सपाट हायवेवरही येत असेल, तर वरची निपलची परीक्षा करा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

पकडणारं चाक घेऊन किती दिवस चालवता येईल?

गॅरेजपर्यंत. तेही हळू, मधे थांबून.

पॅड मी स्वतः बदलू का?

हात चालत असतील तर जरूर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा. पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे ढकलताना डबीतलं ऑइल वर येतं, डबीवर लक्ष ठेवा. निपल किंवा होजचा नट उघडला असेल तर शेवटी हवा काढा आणि डबी खुणेपर्यंत भरा.

आणि सगळं बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, पॅडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले दोन-तीन दाब नुसते हवेत जातात. शिकाऊ असताना मी एकदा हे विसरलो. गाडी रिव्हर्समध्ये टाकली, ब्रेकवर पाय ठेवला, पाय थेट जमिनीला लागला. आमच्या शटरच्या खालच्या पट्टीला आजही त्या बंपरचा पोचा आहे.